चिठ्ठीवर सलीचं नाव आहे, पण चित्र सलीचं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने जवळच्या इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, एका स्त्रीचं जुनं तैलचित्र विकत घेतलं. चित्रावर सही नाही. मागे पिवळी पडलेली चिठ्ठी आहे, तिच्यावर ‘थॉमस सली, फिलाडेल्फिया’ आणि खाली कुठल्या तरी ‘मिसेस’चं आडनाव. कॅनव्हास ज्या लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवतात त्यांवर काळ्या शाईत अक्षरं आणि आकडे उमटवलेले आहेत. हे खरोखर एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन पोर्ट्रेटकार थॉमस सली याचं आहे का, त्याचे कागद कुठे मिळतील आणि आधी लिलावगृहाकडे जावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क भागातल्या संग्रहांसाठी जुन्या चित्रांचा मालकीचा इतिहास लावणं हेच माझं काम, म्हणून थेट सांगते: चित्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी शोधा. आधी ती बाई कोण, कुठल्या घरातली आणि चित्र त्या घरातून पुढे कुणाकडे गेलं ते शोधा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चित्रकारांच्या बाबतीत निर्णायक पुरावा कलेच्या दप्तरात क्वचितच सापडतो. तो मृत्युपत्रांत, चर्चच्या विवाहनोंदींत, कोर्टाच्या वह्यांत आणि शहराच्या डिरेक्टरीत दडलेला असतो. लिलावाचा कॅटलॉग हा विकणाऱ्याचा जबाब आहे. तो जरूर वाचायचा, पण जबाब म्हणूनच.

सुरुवात चित्राच्या पाठीपासून करा. चिठ्ठी सोलू नका, पुसू नका, तिच्यावर टेप लावू नका. सरळ प्रकाशात आणि मग बाजूने तिरका प्रकाश टाकून फोटो घ्या. पट्ट्यांवरच्या काळ्या आकड्यांचं वर्णन वाचून मला क्रिस्टीज या लिलावगृहाची आठवण झाली. त्यांच्याकडे विक्रीला आलेल्या चित्राच्या मागे स्टेन्सिलने क्रमांक उमटवायची जुनी पद्धत आहे. तो क्रमांक त्यांचाच असेल, तर त्यांच्या अर्काइव्हला फोटो पाठवून चित्र कधीच्या लिलावात आलं होतं हे विचारता येतं. त्या लिलावात ते कुणाच्या नावाने विकलं गेलं, हा तुमच्यासाठी पहिला भक्कम दुवा ठरेल. कॅनव्हासच्या पाठीवर लंडनच्या रंगसामानाच्या दुकानाचा शिक्का आहे का तेही पाहा. त्या काळी अमेरिकेतले कितीतरी चित्रकार तयार कॅनव्हास इंग्लंडहून मागवत. ब्रिटनमध्ये १८३१ पर्यंत त्यावर कर होता आणि कराच्या शिक्क्यावर अनेकदा साल वाचता येतं. मात्र जुन्या कॅनव्हासला मागून नवं कापड चिकटवलेलं असेल, म्हणजे रीलायनिंग झालेलं असेल, तर मूळ शिक्का आत झाकला गेला असणार. अशा वेळी चिठ्ठीसुद्धा नव्या कापडावर नंतर लावलेली असू शकते. ती कशावर चिकटवलेली आहे हे आधी बघा.

आता सली. या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे, कारण त्याच्याइतका नेटका हिशेब ठेवणारा चित्रकार त्या काळात शोधून सापडणार नाही. थॉमस सली १७८३ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मला, लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि पुढे फिलाडेल्फियात स्थायिक झाला. १८७२ मध्ये तो वारला. १८०१ पासून जवळजवळ सत्तर वर्षं त्याने आपल्या चित्रांची नोंदवही ठेवली. चित्र कधी सुरू केलं, कुणाचं, कुणासाठी, कोणत्या आकाराचं, किती दाम ठरला, कधी पुरं झालं, हे सगळं तिच्यात आहे. मूळ वही हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियाकडे. चार्ल्स हेन्री हार्ट यांनी १९०९ मध्ये ती छापली आणि १९२१ मध्ये एडवर्ड बिडल आणि मॅन्टल फील्डिंग यांनी तिच्या आधारे व्यक्तींच्या नावांची वर्णक्रमाने यादी केली. त्या यादीत दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत. छापील प्रती इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

पण वहीत आडनाव सापडलं म्हणून काम झालं असं समजू नका. तिथे स्त्रिया बहुतेक नवऱ्याच्या आडनावाने येतात: मिसेस अमुक. त्याच आडनावाच्या जावा, सासवा आणि सुना त्याच शहरात असायच्या, आणि एकाच कुटुंबातल्या चौघींची चित्रं सलीने दहा-वीस वर्षांच्या अंतराने काढलेली असतात. म्हणून पाच गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत: नाव, वय, पोशाखाचं वळण, चित्राचा आकार आणि वहीतलं साल. आकार फार बोलका असतो. त्या काळच्या इंग्रजी रिवाजात ‘किट-कॅट’ म्हणजे साधारण ३६ बाय २८ इंच आणि ‘हाफ-लेंग्थ’ म्हणजे ५० बाय ४० इंच. वहीत ‘हाफ-लेंग्थ’ लिहिलंय आणि तुमच्या हातातलं चित्र त्याच्या निम्म्यावर आहे, तर एक तर ते कापलेलं आहे किंवा ती नोंद तुमच्या चित्राची नाहीच. कडा तपासल्या की कापलं आहे का ते कळतं.

आणखी एक गुंता आहे. सली हे एका माणसाचं नाव असलं तरी घर चित्रकारांचं होतं. थोरला भाऊ लॉरेन्स लघुचित्रं काढायचा. मुलगी जेन, लग्नानंतर जेन कूपर सली डार्ली, पोर्ट्रेट करायची. पुतण्या रॉबर्ट मॅथ्यू सली रिचमंडमध्ये नावाजलेला होता. चिठ्ठी लिहिणाऱ्या वारसाला आजीकडून फक्त ‘सलीने काढलं’ एवढंच ऐकू आलेलं असतं, आणि ‘थॉमस’ तो मागाहून घालतो. शिवाय थॉमसने स्वतः दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकलाही केल्या आणि त्यांची नोंदही प्रामाणिकपणे ठेवली.

हीच शोधाशोध त्या काळच्या दुसऱ्या नामवंत पोर्ट्रेटकारासाठी, गिल्बर्ट स्टुअर्टसाठी, करायची असती तर वाट फार कठीण होती. तो सही क्वचितच करायचा आणि सलीसारखी वही त्याने ठेवली नाही. १७९६ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनचं जे अर्धवट चित्र स्वतःजवळ ठेवलं, त्यावरून तो जन्मभर नकला करून विकत राहिला. मूळ चित्र त्याच्या मृत्यूनंतर बोस्टन अथेनियम या ग्रंथालयाकडे गेलं. १९८० पासून ते वॉशिंग्टनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि बोस्टनचं फाइन आर्ट्स म्युझियम यांच्या सामायिक मालकीचं आहे. स्टुअर्टच्या हयातीतच दुसरेही त्याच्या नकला करू लागले होते. फिलाडेल्फियाच्या एका जहाजाच्या कप्तानाने तर चीनमधल्या कँटनहून काचेवर रंगवलेल्या नकलांचा साठा आणला. १८०२ मध्ये स्टुअर्टने फेडरल कोर्टात जाऊन त्या विक्रीवर मनाई मिळवली. म्हणजे स्टुअर्टच्या नकलांच्या इतिहासाचा एक ठोस कागद कोर्टाच्या दप्तरात आहे. उत्तरायुष्यात तो लाकडी फळीवर काढायचा आणि तिच्यावर तिरक्या बारीक रेघा ओढून कापडाच्या विणीचा भास आणायचा. अशी फळी समोर आली की मी थांबून पाहते. तरी ती पुरेशी नाही, कारण नक्कल करणाऱ्यालाही रेघा ओढता येतात.

कागद कुठे निघतील याचा नेम नसतो. बोस्टनचा चित्रकार जॉन सिंगल्टन कॉप्ली १७७४ मध्ये युरोपला गेला. त्याची आणि सावत्र भाऊ हेन्री पेलहॅमची पत्रं लंडनच्या सरकारी दप्तरात सापडली आणि १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने छापली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत टपाल अडवलं गेलं, म्हणून ती टिकली. घरी पोचली असती तर कदाचित चुलीत गेली असती.

याहून महत्त्वाचं उदाहरण बाल्टिमोरच्या जोशुआ जॉन्सनचं. कृष्णवर्णीय अमेरिकन व्यावसायिक पोर्ट्रेटकारांमध्ये ज्यांचं काम आपल्याला ओळखता येतं अशांपैकी तो सगळ्यात आधीचा. १७९८ मध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन स्वतःला स्वयंशिक्षित म्हटलं. १८१६ च्या डिरेक्टरीत तो मुक्त कृष्णवर्णीय गृहस्थांच्या यादीत आहे. सही केलेलं एकच चित्र माहीत आहे. जे. हॉल प्लेझंट्स यांनी १९३९ मध्ये त्याच्याबद्दल पहिल्यांदा नीट लिहिलं, पण तो गुलाम होता की जन्मतः मुक्त, यावर वाद चालूच राहिला. १९९० च्या दशकात बाल्टिमोर काउंटीच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत दोन दस्त सापडले: एक १७६४ च्या विक्रीचा आणि एक १७८२ च्या मुक्ततेचा. गोऱ्या बापाने मुलाला मालकाकडून विकत घेतलं होतं आणि पुढे लोहाराकडची उमेदवारी संपली किंवा वय २१ झालं की तो मुक्त होईल असं लिहून दिलं होतं. कलेच्या अर्काइव्हमध्ये अर्धशतक शोधून जे मिळालं नाही ते गुरंढोरं आणि सामानसुमान जिथे नोंदवलं जाई त्या वहीत होतं. एका चित्रकाराचं अस्तित्व मालमत्ता म्हणून लिहिलेल्या ओळीतून सिद्ध व्हावं, याचा त्रास मला अजून होतो. पण म्हणूनच मी नव्या लोकांना आधी काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये पाठवते.

तुमच्या कामाला उपयोगी पडतील अशी आणखी काही ठिकाणं. न्यूयॉर्कची फ्रिक आर्ट रेफरन्स लायब्ररी हेलन क्ले फ्रिक यांनी १९२० मध्ये सुरू केली. आता तिच्या नावात रेफरन्सच्या जागी रिसर्च आलं आहे. तिथले फोटोग्राफर १९२२ पासून पुढची चाळीसेक वर्षं अमेरिकाभर हिंडून लोकांच्या घरातली जुनी पोर्ट्रेट टिपत होते. अशा फोटोसोबत त्या वेळच्या मालकाची माहिती मिळते. तुमचं चित्र १९२५ मध्ये अमुक घरात टांगलेलं होतं असं दिसलं, तर मधली तीन-चार पिढ्यांची पोकळी एका फटक्यात भरते. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची ‘कॅटलॉग ऑफ अमेरिकन पोर्ट्रेट्स’ ही सूची १९६६ पासूनची आहे. स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमची १९१४ पूर्वीच्या चित्रांची सूची १९७० च्या दशकात सुरू झाली. दोन्ही ऑनलाइन चाळता येतात आणि दोन्हींत मालकांनी कळवलेली नावं तपासणी न होताही शिरलेली आहेत, हे ध्यानात ठेवा. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेखाली हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स सर्व्हेनेही अशा याद्या केल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या १८२५ पर्यंतच्या पोर्ट्रेटची यादी १९३९ ची आहे.

आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. डेट्रॉइटमध्ये १९५४ साली ई. पी. रिचर्डसन आणि लॉरेन्स फ्लाइशमन यांनी ते सुरू केलं आणि १९७० मध्ये ते स्मिथसोनियनमध्ये आलं. सुरुवातीला त्यांचा भर दुसऱ्या संस्थांकडच्या कागदांच्या मायक्रोफिल्म करण्यावर होता. त्यामुळे तिथे एखाद्या जुन्या चित्रकाराचं नाव सापडलं तरी मूळ कागद फिलाडेल्फियात किंवा बोस्टनमध्ये असू शकतो. फिल्मवर पेन्सिलची खूण दिसत नाही, मूळ पानावर दिसते. शक्य असेल तिथे मूळच मागा.

लिलावांकडे वळते, कारण खरा धोका तिथे आहे.

जुना आणि चांगला लिलाव कसा मदत करतो ते आधी सांगते. चित्रकार चार्ल्स विल्सन पील याने १७८० च्या दशकात फिलाडेल्फियात आपलं म्युझियम उभं केलं. स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसांची त्याने काढलेली पोर्ट्रेट आणि खाली भुसा भरलेले प्राणी-पक्षी असं ते होतं. १८०२ पासून ते आज ज्याला इंडिपेन्डन्स हॉल म्हणतात त्या इमारतीत होतं. त्याच्या मृत्यूनंतर संस्था खचत गेली. प्राणी-पक्ष्यांचा संग्रह १८५० च्या सुमारास पी. टी. बार्नम आणि मोझेस किंबॉल या खेळ-तमाशे चालवणाऱ्यांकडे गेला. पोर्ट्रेट ऑक्टोबर १८५४ मध्ये लिलावात निघाली आणि त्यातली बरीच फिलाडेल्फिया शहरानेच घेतली. त्यांतली बरीच आज तिथल्याच सेकंड बँक या जुन्या इमारतीत आहेत. त्या लिलावाचा छापील कॅटलॉग आहे, म्हणून कुणी ‘पीलच्या म्युझियममधलं’ म्हणून चित्र आणलं की पहिलं काम त्यातला क्रमांक विचारायचं. असे कॅटलॉग पाहताना समासात कुणी घेणाऱ्याचं नाव आणि भाव टिपलेली प्रत शोधायची. कोऱ्या प्रतीपेक्षा तिची किंमत संशोधकाला कितीतरी जास्त.

आता उलट बाजू. थॉमस बी. क्लार्क हे न्यूयॉर्कचे संग्राहक. १८९९ मध्ये त्यांनी आपल्या काळातल्या अमेरिकन चित्रकारांची ३७० हून अधिक चित्रं अमेरिकन आर्ट असोसिएशन या लिलावगृहाच्या लिलावात विकली, आणि त्या विक्रीने अमेरिकन चित्रांना बाजारात मान मिळाला. पुढे ते जुन्या, वसाहतकाळातल्या पोर्ट्रेटकडे वळले. तेव्हा देशभर पूर्वजांच्या आठवणींना बहर आला होता, प्रत्येक श्रीमंत दिवाणखान्याला कॉप्लीच्या किंवा स्टुअर्टच्या हातचा एक पूर्वज हवा होता. मागणी आली की पुरवठा करणारे येतात. किरकोळ इंग्रजी पोर्ट्रेट स्वस्तात घ्यायची, त्यावर अमेरिकन चित्रकाराची सही चढवायची, बसलेल्या व्यक्तीला बोस्टनचं किंवा व्हर्जिनियाचं एखादं खरं नाव द्यायचं आणि चित्र पिढ्यान्‌पिढ्या कुणाकडे होतं याची वंशावळ टाइप करून सोबत द्यायची. अशी कितीतरी चित्रं क्लार्क यांच्या संग्रहात शिरली. १९३१ मध्ये ते वारले. १९३६ मध्ये १७५ चित्रं नोडलर या चित्रविक्रेत्या गॅलरीमार्फत दहा लाख डॉलरला बँकर अँड्र्यू मेलन यांच्या ट्रस्टने घेतली आणि १९४० च्या दशकात ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत पोचली. मग तिथल्या अभ्यासकांनी एकेक वंशावळ तपासायला घेतली. सांगितलेलं मृत्युपत्र आहे का, त्या नावाची मुलगी खरंच होती का, ते घर त्या साली त्या गावात होतं का? पुष्कळ ठिकाणी उत्तर ‘नाही’ आलं. गॅलरीचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की तिने हे दडवलं नाही. आजही तिच्या चित्रांच्या नोंदींत कोणती मालकी खरी ठरली आणि कोणती ठरली नाही हे लिहिलेलं असतं. मेलनच्या पैशाने घेतलेली चित्रं ‘अज्ञात चित्रकार’ म्हणून लिहायला धैर्य लागतं.

म्हणून चिठ्ठीतला मजकूर १९१० ते १९३५ या काळातला वाटत असेल, वंशावळ फारच नेटकी असेल आणि प्रत्येक पायरीवर नामवंत घराणं असेल, तर जास्त सावध व्हा. खऱ्या चित्रांच्या मालकीत खंड असतात. मध्येच एखादी दूरची पुतणी येते आणि एखादं चित्र वीस वर्षं माळ्यावर पडून असतं. खोट्या वंशावळीत मात्र खंड नसतो.

विक्रेत्यांच्या वह्याही आता बऱ्याच उघड्या आहेत. २०११ मध्ये बंद झालेल्या नोडलरचं दप्तर लॉस एंजेलिसच्या गेटी रिसर्च इन्स्टिट्यूटने घेतलं आणि साठ्याच्या वह्या ऑनलाइन आणल्या. अमेरिकन आर्ट असोसिएशनचे कागद आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये आहेत. ती संस्था पुढे अँडरसन गॅलरीजमध्ये मिसळली. तिथल्या माणसांनी १९३७ मध्ये पार्क-बर्नेट काढलं आणि १९६४ मध्ये ते सदबीज या लिलावगृहाने घेतलं. जुन्या कॅटलॉगवर यांपैकी कुठलंही नाव दिसलं तरी वारसा एकच.

म्युझियमच्या देणगी-वह्यांबद्दल एक गोष्ट मराठी वाचकांना सांगावीशी वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीत केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडलेल्या कप्तानांना आणि जहाजावरच्या व्यापारी प्रतिनिधींना प्रवेश असे. त्यांनी आणलेल्या वस्तूंचं म्युझियम म्हणजे आजच्या पीबॉडी एसेक्स म्युझियमचं मूळ. तिथे मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं पोर्ट्रेट १८०३ मध्ये भेट म्हणून आलं. अमेरिकन जहाजांचं मुंबईतलं काम ते पाहत. चित्रकाराचं नाव कुणी लिहिलं नाही, पण ते चिनी असल्याचं मानलं जातं. तरी चित्र कुणाचं, कधी आलं, कुणी दिलं हे दोनशे वर्षांनी सांगता येतं, कारण सोसायटीने पहिल्यापासून नोंद ठेवली. चित्रकार अनामिक असूनही चित्र पोरकं झालेलं नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. लिलावगृहाकडे जा, पण पहिली पायरी म्हणून नको. आधी स्टेन्सिलचा क्रमांक विचारा, चिठ्ठीतल्या आडनावासाठी बिडल-फील्डिंगची यादी पाहा, मग फ्रिकच्या फोटोंत शोधा आणि इस्टेट सेल ज्या घराची होती त्या कुटुंबाचं काउंटीतलं मृत्युपत्र मागा. मृत्युपत्राची फाइल सार्वजनिक असते आणि तिला जोडलेल्या घरसामानाच्या यादीत ‘माझ्या आजीचं चित्र’ अशी ओळ निघाल्याचं मी पाहिलं आहे. म्युझियमकडून किंमत किंवा प्रमाणपत्र मागू नका, ती कामं ते करत नाहीत. मात्र ‘अमुक नोंदीशी हे जुळतं असं मला वाटतं, पाहाल का?’ असं दोन फोटो जोडून लिहिलं तर क्युरेटर बहुधा उत्तर देतात.

किमतीबद्दल वास्तव सांगायला हवं. पीलने काढलेलं प्रिन्स्टनच्या लढाईनंतरच्या वॉशिंग्टनचं एक पूर्णाकृती चित्र जानेवारी २००६ मध्ये क्रिस्टीजकडे २ कोटी १३ लाख डॉलरला गेलं, पण तो वॉशिंग्टन होता. नाव न कळलेल्या स्त्रीचं सलीचं अस्सल पोर्ट्रेट काही हजार डॉलरांतही विकलं जातं. तिचं नाव कळलं आणि वहीतली नोंद जुळली की भाव निश्चित वाढतो. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचं पूर्ण नाव नुसतं असेल तर लिलावगृह ते त्याचं मानतं. ‘अट्रिब्युटेड टू’ असेल तर बहुधा त्याचं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या आसपासच्या कुणाचं. ‘आफ्टर’ म्हणजे नक्कल. मोठी लिलावगृहं हमी देतात ती साधारण पाच वर्षांची आणि फक्त ठळक अक्षरांतल्या शीर्षकाची. खालच्या परिच्छेदात सांगितलेल्या कथेची हमी कुणी देत नाही. तुम्ही विकायला गेलात तर ठळक शीर्षकात काय येणार हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या, आणि तोवर चित्र साफ करायला कुणाच्याही हाती देऊ नका.